बरोबरची खूण

सुंदराबाईंनी गाडीच्या छतातलं लाल बटण अंगठ्याने दाबून धरलं. बटणाच्या कडेने हिरवा दिवा लागला. त्या मनातल्या मनात आकडे मोजू लागल्या. तीस झाले, चाळीस झाले. एसीच्या बारीक घरघरीशिवाय गाडीत कसलाच आवाज नव्हता. साठाला त्यांनी अंगठा काढला आणि काच खाली केली.

बाहेर उत्तरा परब उभी होती. अठ्ठावीस-तीसची, अंगात कंपनीचा निळा शर्ट, हातात क्लिपबोर्ड. आलेली गाडी लिहून घ्यायची आणि काम झालं की गिऱ्हाइकाच्या ताब्यात द्यायची, हे तिचं काम.

"लागला ना दिवा, मॅडम?"

"दिवा लागला. बोललं कोण?"

उत्तराने क्लिपबोर्ड छातीशी धरला.

"आण तो कागद इकडे."

तपासणीचा छापील कागद होता. ब्रेक, बॅटरी, वायपर, टायरमधली हवा. एकेका ओळीपुढे निळ्या पेनने बरोबरची खूण. अठराव्या ओळीत 'आपत्कालीन मदत बटण' असं होतं आणि त्याच्यापुढेही तशीच खूण होती, जरा लांब शेपटीची.

"ही खूण कुणी केली?"

"मिथुनने. आमचा टेक्निशियन आहे."

"बोलाव त्याला."

मिथुन हात पुसत आला. त्याने वाकून बटण पाहिलं, दाबलं, दिवा लागला. "ही काय मॅडम, लाइट लागते ना. आमच्या लिस्टमध्ये तेवढंच बघायचं असतं. लाइट लागली की ओके."

"मी मानखुर्दच्या शाळेत बत्तीस वर्षं हजेरी घेतली," सुंदराबाई म्हणाल्या. "दप्तर बाकावर दिसलं म्हणून मुलगा हजर, असं एकदाही लिहिलं नाही. खोड ती खूण."

मिथुनने उत्तराकडे पाहिलं. उत्तराने काचेच्या केबिनकडे पाहिलं.

"ती सिस्टममध्ये गेली, मॅडम. आता खोडता नाही येत."

सुंदराबाईंनी किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. गाडी उताराच्या तोंडाशी उभी होती. चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या त्या वर्कशॉपला बाहेर पडायला तो एकच उतार होता, आणि मागे धुवून पुसून तयार झालेल्या दोन गाड्या लागल्या होत्या.

"मग सिस्टमला खोडायला शिकवा," त्या म्हणाल्या. "तोवर मी इथंच आहे."

मंगळवारी सकाळी लिंक रोडवर, महावीर नगरच्या सिग्नलच्या अलीकडे, त्यांचे यजमान धोंडिराम यांना फिट आली होती. धोंडिराम टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. आठ वर्षांपूर्वी जिन्यावरून पडून डोक्याला मार लागला, तेव्हापासून वर्षातून दोन-तीनदा असं व्हायचं. डॉक्टरांनी त्यांचं गाडी चालवणं बंद केलं, तेव्हा पंचावन्नाव्या वर्षी सुंदराबाई गाडी शिकल्या. हीच गाडी घेतली ती या बटणासाठी. विकणाऱ्याने दाखवलं होतं: फोन शोधायला नको, नंबर लावायला नको, दाबा आणि बोला, गाडी कुठं उभी आहे ते आम्हाला आपोआप कळतं.

तो खोटं बोलला नव्हता. चार वर्षांपूर्वी गोराईच्या रस्त्यावर, आजूबाजूला खाजणाशिवाय काही नसताना, सुंदराबाईंनी ते दाबलं होतं आणि छतातून एका बाईचा आवाज आला होता. "मी लाइनवर आहे, मॅडम. त्यांना कुशीवर वळवा. तोंडात काही घालू नका. मी कुठं जात नाही." अँब्युलन्स येईपर्यंत तेरा मिनिटं ती बाई बोलत राहिली. तिचं नाव विचारायचं राहून गेलं याची चुटपुट सुंदराबाईंना अजून होती. त्या दिवसानंतर मात्र त्या कुठंही जायला भ्यायल्या नाहीत. अलिबागला गेल्या, वसईला गेल्या, धोंडिरामांच्या जालन्याच्या बहिणीकडेही स्वतः गाडी चालवत गेल्या.

मंगळवारी दिवा लागला आणि आवाज आला नाही. एका हाताने धोंडिरामांचं डोकं सांभाळत सुंदराबाई वर बघत राहिल्या. आधी वाटलं, लाइन लागत असेल. मग वाटलं, आपणच नीट दाबलं नसेल. फोन पिशवीत होता आणि पिशवी मागच्या सीटवर. एका रिक्षावाल्याने काच ठोठावली तेव्हा कुठं त्यांना मागे वळायचं सुचलं. घड्याळात तीन मिनिटं गेली होती. धोंडिराम शुद्धीवर आले, संध्याकाळी त्यांनी स्वतःहून चहाही मागितला. पण ती तीन मिनिटं सुंदराबाईंच्या अंगातून काही उतरली नव्हती.

वर्कशॉपचा मॅनेजर राजेश केबिनमधून बाहेर आला. पंचेचाळिशीचा, मऊ बोलणारा माणूस. त्याने खिडकीशी वाकून हात जोडले.

"मॅडम, आत बसा ना. पंखा आहे, चहा सांगतो."

"चहा नको. खूण खोडा."

"ऐका ना. गाडीच्या आत एक सिम असतं. फॅक्टरीतूनच बसवलेलं. ते जुन्या नेटवर्कवर चालायचं. मोबाइल कंपनीने ते नेटवर्कच बंद केलं. आम्ही नाही केलं. आता त्याला आम्ही काय करणार, सांगा."

"ते सिम मी बसवलं?"

"नाही, तसं नाही..."

"कुठल्या मोबाइल कंपनीचं घ्यायचं, ते मला विचारलं होतं?"

"नाही."

"मग ती मोबाइल कंपनी तुमच्या ओळखीची. माझी तिची ओळख नाही. मी गाडी घेतली ती तुमच्याकडून."

राजेशने मान हलवली, हे बोलणं त्याला नवीन नसावं. "बरोबर आहे तुमचं. पण या मॉडेलला नवा भाग बसत नाही. कंपनीने काढलाच नाही. हवं तर एक करतो. त्या बटणावर झाकण बसवून देतो, छताच्याच रंगाचं. एकदम फिट बसतं. बटण होतं हे कळणारसुद्धा नाही."

सुंदराबाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला.

"म्हणजे झाकणं आली आहेत तुमच्याकडे."

राजेश खिडकीपासून थोडा सरळ झाला.

"भाग काढला नाही, पण झाकण काढलं. मग नीट ऐका. मला या कागदावर चार गोष्टी लिहून हव्यात. बटण चालत नाही. कधीपासून चालत नाही. तुम्हाला ते कधी कळलं. आणि मला का सांगितलं नाही. खाली सही, शिक्का. आणि ही गाडी ज्यांच्याकडे आहे त्या सगळ्यांना हेच कळवायचं."

"मॅडम, ते हेड ऑफिसचं काम आहे."

"लावा फोन हेड ऑफिसला. मी रिटायर माणूस आहे, मला काही घाई नाही."

राजेश केबिनमध्ये गेला. काचेतून तो फोन कानाला लावून फेऱ्या मारताना दिसत होता. नोव्हेंबर उजाडला तरी ऊन कमी झालं नव्हतं. पत्र्याच्या छपराखाली इंजिन बंद असलेली गाडी तापत चालली. सुंदराबाईंनी चारही काचा उतरवल्या, पर्समधली पाण्याची बाटली काढून दोन घोट घेतले आणि ती परत ठेवून दिली. शाळेत कुणी वर्गाबाहेर उभं राहायला लावलं की मुलं जशी उभी राहतात, तसे मिथुन आणि उत्तरा काही अंतरावर उभे होते.

बाराच्या सुमाराला मागच्या गाडीचा हॉर्न वाजला. एकदा, दोनदा, मग लांबलचक. एक तरुण गाडीतून उतरून तरातरा पुढे आला.

"काय चाललंय काय? एक तास झाला. आजी, गाडी बाजूला घ्या ना, आम्हाला कामं आहेत."

"नाव काय तुमचं?"

"निलेश. का?"

"गाडी कुठली आहे तुमची, निलेश?"

त्याने मागे वळून पाहिलं आणि मग पुढे. दोन्ही गाड्या एकाच कारखान्याच्या, एकाच साच्यातल्या होत्या. रंग तेवढा वेगळा.

"हीच आहे. का?"

"वरचं लाल बटण दाबून बघा. आणि कुणी बोलतंय का, ते ऐका."

"ते तर चालूच असतं. बायको रोज मुलीला घेऊन ठाण्याला जाते, घोडबंदरवरून. म्हणून तर तेच मॉडेल घेतलं."

"मग बघाच."

तो गाडीत जाऊन बसला. हॉर्न थांबला. सुंदराबाईंना आरशात त्याचा वर गेलेला हात दिसला. तो हात तसाच वर राहिला, बराच वेळ. मग निलेश बाहेर आला तो सरळ केबिनकडे गेला, आणि बंद काचेतूनही त्याचा आवाज बाहेर ऐकू आला.

"च्यायला, मघाशी मला ओकेचा कागद दिला तुम्ही!"

तो बाहेर आला तेव्हा राजेशही मागोमाग आला. त्याच्या हातात आता मोबाइल होता आणि चेहऱ्यावर थोडा धीर.

"मॅडम, हेड ऑफिसशी बोललो. सगळं रेकॉर्डवर आहे. तीस जूनला सेवा बंद झाली आणि एक जुलैला सगळ्या गिऱ्हाइकांना मेसेज गेला. तुम्हालाही गेला. आम्ही लपवलं, असं नाही म्हणता येणार."

सुंदराबाईंनी मागे वळून पिशवीतून आपला फोन काढला. त्यांना मेसेज पुसायची सवय नव्हती. जुलैपर्यंत मागे जायला वेळ लागला. राजेश आणि निलेश दोघंही उकाड्यात उभे राहिले. मग त्यांनी वर्गात धडा वाचावा तसं खणखणीत वाचलं.

"'प्रिय ग्राहक, आपला प्रवास अधिक आनंददायी व्हावा म्हणून आमच्या कनेक्टेड सेवांमध्ये बदल होत आहेत. अधिक माहितीसाठी आमच्या वेबसाइटला भेट द्या. शुभ प्रवास.'" त्यांनी फोन परत पिशवीत टाकला. "यात 'बंद' हा शब्द कुठं आहे, मॅनेजर?"

"ते... शब्द मार्केटिंगवाले लिहितात."

"पण वाचायला तुम्ही शिकलात ना? दाखवा मला 'बंद'."

निलेश हसला, पण ते हसू चांगलं नव्हतं. राजेशने कपाळावरचा घाम पुसला आणि आवाज खाली आणला. "मॅडम, माझीपण नोकरी आहे हो. मी सही करायची आणि वरच्यांनी मला उद्या काढायचं. तुम्ही ग्राहक मंचात जा, मी नाही म्हणत नाही. पण माझ्याकडून लिहून नका मागू."

"मंचात जाणारच आहे. पण तिथं ते विचारतील, वर्कशॉपने काय सांगितलं? मी काय दाखवू? ही खूण?"

राजेशने त्या खुणेकडे एकदा पाहिलं. तो आत गेला. थोड्या वेळाने त्याने उत्तराला बोलावून काहीतरी सांगितलं आणि सुंदराबाईंच्या फॉर्मवरचा दुसरा नंबर बोटाने दाखवला.

दुपार लांबली. तिसऱ्या गाडीची मालकीण कंटाळून रिक्षाने निघून गेली. निलेश गेला नाही. त्याने ऑफिसला फोन करून सुट्टी टाकली आणि दार उघडं ठेवून स्वतःच्या गाडीत बसून राहिला. जेवणाच्या सुट्टीत मिथुनने केळी आणून दिली. सुंदराबाईंनी ती घेतली आणि एक त्यालाही खायला लावलं.

तीनच्या सुमाराला उत्तरा एकटीच खिडकीशी आली. तिने क्लिपबोर्डखालून एक कोरा कागद काढला. कोरा नव्हता, त्यावर तिच्या बारीक अक्षरात पाच-सहा ओळी होत्या.

"बाई," ती म्हणाली. सकाळपासून ती मॅडम म्हणत होती. "हे घ्या. मी लिहिलंय. आम्हाला जानेवारीतच मेल आला होता. नेटवर्क हळूहळू जाणार आहे, गिऱ्हाइकाने विचारलं तरच सांगा, नाहीतर विषय काढू नका. मी तारीख टाकलीय. सही पण केलीय."

सुंदराबाईंनी कागद वाचला. सगळं होतं. बटण चालत नाही, कधी कळलं, का सांगितलं नाही. जे सकाळपासून मागत होत्या ते सगळं त्यांच्या हातात होतं. त्यांनी तो पुन्हा एकदा वाचला, खालची सही बघितली.

"घरी कोण असतं गं तुझ्या?"

"आई. आणि भाऊ शिकतोय."

"वडील?"

"नाहीत. गिरणी बंद पडल्यावर वॉचमन होते. गेले."

सुंदराबाईंनी कागदाची दोनदा घडी घातली आणि तो उत्तराच्या शर्टाच्या खिशात ठेवला.

"हा मी वाचलाच नाही."

"पण बाई, सगळं खरं आहे ते!"

"खरं आहे म्हणूनच. उद्या हे म्हणतील, एका मुलीने स्वतःच्या मनाने लिहिलं, आम्ही तिला काढून टाकलं, विषय संपला. मला तुझी चूक लिहून नकोय. ज्यांची आहे त्यांची हवी."

उत्तरा तिथंच उभी राहिली. मग तिने शर्टाच्या बाहीने डोळ्यांच्या कडा पुसल्या आणि म्हणाली, "त्यांनी मला सरांना फोन करायला लावला. तुमच्या मिस्टरांना. ते यायला निघालेत. सॉरी."

धोंडिराम चार वाजता रिक्षातून उतरले. पांढरा शर्ट, पायात चपला, हातात प्लास्टिकची छोटी डबी. राजेश लगबगीने पुढे झाला.

"बरं झालं आलात, काका. तुमचं ऐकतील त्या."

"चाळीस वर्षं झाली लग्नाला," धोंडिराम म्हणाले. "अजून तरी ऐकलेलं नाही."

ते दार उघडून सुंदराबाईंच्या शेजारी बसले आणि डबी पुढे केली. "दुपारची प्रेशरची गोळी राहिली तुझी."

सुंदराबाईंनी गोळी घेतली. राजेश खिडकीशी वाकला आणि सकाळपासूनचं सगळं धोंडिरामांना सांगितलं: सिम, नेटवर्क, मोबाइल कंपनी. धोंडिरामांनी मध्ये न बोलता ऐकून घेतलं.

"आमच्या खात्यात," ते शेवटी म्हणाले, "जुनं एक्स्चेंज बंद करायचं असलं की दोन महिने आधी लाइनमन घरोघर जायचा. नंबर बदलणार म्हणून सांगायचा, सही घ्यायचा. घरात म्हातारं माणूस असलं तर दोनदा जायचं. मी स्वतः गेलोय."

"काका, तो काळ वेगळा. आणि मेसेज आम्हीपण पाठवला. तीस जूनपर्यंत सेवा शंभर टक्के चालू होती, कंपनीचं रेकॉर्ड आहे. एक जुलैला लगेच..."

"जून नाही," धोंडिराम म्हणाले.

"काय?"

"जूनमध्ये नाही बंद झालं. फेब्रुवारीतच बंद होतं. सतरा फेब्रुवारीला तर नक्कीच."

सुंदराबाईंनी मान वळवली. "तुम्हाला काय माहीत?"

धोंडिरामांनी समोरच्या काचेकडे पाहिलं. काचेपलीकडे उतार होता, उताराच्या शेवटी फाटक, फाटकातून दिसणारा रस्त्याचा तुकडा.

"तू चष्म्याच्या दुकानात गेली होतीस. बोरिवलीला. मी गाडीत होतो. तो वास आला, जळल्यासारखा. फिट येणार असली की येतो तो. मी दाबलं." त्यांनी वर न बघताच बोटाने छताकडे दाखवलं. "दिवा लागला. आत काही नव्हतं. रिंग नाही, खरखर नाही. पस्तीस वर्षं मी लाइनी तपासल्यात, सुंदरा. मेलेली लाइन मला कळते. मग फिट काही आली नाही, तशीच गेली. तू चष्मा घेऊन आलीस. दोन दिवसांनी पार्किंगमध्ये परत दाबून बघितलं. तसंच."

मागच्या गाडीतून निलेश उतरून जवळ आला होता.

"फेब्रुवारीपासून," सुंदराबाई म्हणाल्या.

"हो."

"नऊ महिने तुम्ही माझ्याशेजारी बसून होतात. एप्रिलमध्ये आपण जालन्याला गेलो. चारशे किलोमीटर."

"हो."

"मंगळवारी मी वर बघत बसले होते. तुमचं डोकं माझ्या हातात आणि मी वर बघतेय. ती बोलेल म्हणून. तीन मिनिटं. मला माहीत असतं तर पहिल्या सेकंदाला मी फोन घेतला असता."

धोंडिरामांनी डबी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. आतल्या गोळ्या वाजल्या.

"सांगितलं असतं तर तू किल्ली कपाटात ठेवली असतीस," ते म्हणाले. "त्या बाईच्या आवाजावर तू गाडी चालवायला लागलीस. मला आवडायचं तुझं ते चालवणं. म्हटलं, चाललंय ते चालू दे. नशिबाने काही होणार नाही."

"नशीब कुणाचं पणाला लावलंत? माझंच ना?"

त्यांनी डबीचं झाकण दाबून बसवलं.

राजेश सावकाश सरळ झाला. आता त्याच्या आवाजात सकाळचा मऊपणा परत आला. "म्हणजे मॅडम, घरात माहीत होतं. मग आम्ही सांगितलं नाही, याला काय अर्थ राहिला? तुम्हीच बघा. मी तर म्हणतो, आता ताणू नका. झाकण बसवून देतो, घरी जा."

सुंदराबाईंनी त्याच्याकडे पाहिलंच नाही. त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढला.

"उत्तरा, एक कोरा कागद दे. आणि पेन."

उत्तराने दिला. सुंदराबाईंनी तो धोंडिरामांच्या मांडीवर ठेवला.

"लिहा."

"काय लिहू?"

"जे झालं ते. बटण बंद आहे हे कधी कळलं. मला का सांगितलं नाही. खाली सही."

"सुंदरा, लोकांसमोर..."

"लोकांसमोरच. मी या माणसाकडून सकाळपासून तेच मागतेय. घरच्याला सोडलं तर मला मागायचा काय हक्क?"

धोंडिरामांनी पेनचं टोपण काढलं. गोळ्यांच्या डबीवर कागद टेकवून ते लिहू लागले. त्यांचं अक्षर पूर्वी सुंदर होतं. आजारानंतर हात थरथरायचा, ओळी खाली उतरायच्या. खूप वेळ लागला. मिथुन हातातला पाना तसाच धरून बघत होता. एकदा ते थांबले, एक शब्द खोडला, पुन्हा लिहिला. मग सही केली आणि कागद बायकोकडे दिला. तिने तो वाचून राजेशच्या हातात ठेवला.

'दि. १७ फेब्रुवारी रोजी मदतीचे बटण बंद असल्याचे मला कळले. माझी पत्नी त्यावर विसंबून होती. तिने गाडी चालवायचे सोडू नये म्हणून मी तिला सांगितले नाही. ती माझी चूक आहे. धोंडिराम खरात.'

"यांनी लिहिलं," सुंदराबाई म्हणाल्या. "यांना कुणी पगार देत नाही आणि सिमही यांनी बसवलेलं नाही. आता तुम्ही."

राजेश कागद धरून उभा होता. केबिनमधला फोन वाजायला लागला. उत्तरा तिकडे जायला वळली.

"राहू दे," राजेश म्हणाला.

फोन वाजून बंद झाला आणि पुन्हा सुरू झाला. राजेशने उत्तराच्या क्लिपबोर्डवरचा तपासणीचा कागद काढून घेतला. गाडीच्या बॉनेटवर ठेवला. अठराव्या ओळीतल्या त्या लांब शेपटीच्या खुणेवर त्याने एक आडवी रेघ मारली, मग तिच्यावर दुसरी. खालच्या मोकळ्या जागेत तो उभ्याउभ्याच लिहीत गेला. बॉनेट तापलेलं होतं. लिहिताना तो डावा हात मध्येच उचलत होता. लिहून झाल्यावर आत जाऊन शिक्का घेऊन आला आणि जोरात मारला.

"मी जानेवारीची तारीख लिहिलीय," तो म्हणाला. "मेलचा नंबरपण लिहिलाय. फेब्रुवारीचं मला माहीत नव्हतं. खरंच नव्हतं माहीत. जूनपर्यंत चालू आहे असंच आम्हाला सांगत होते."

सुंदराबाईंनी कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला.

"सहीखाली आजची तारीख राहिली."

त्याने तारीख टाकली.

"वरचे तुम्हाला काही म्हणाले तर कळवा," त्या म्हणाल्या. "मंचात मी तुमचंही नाव सांगेन. खरं लिहिणारा म्हणून."

राजेशने धोंडिरामांचा कागद त्यांना परत द्यायला हात पुढे केला, पण तो सुंदराबाईंनीच घेतला. दोन्ही कागद एकावर एक ठेवून पर्समध्ये टाकले आणि इंजिन सुरू केलं.

"बेल्ट लावा," त्या नवऱ्याला म्हणाल्या.

धोंडिरामांनी बेल्ट लावला. "रागावलीस?"

"घरी गेल्यावर सांगते." त्यांनी मागच्या सीटवरची पिशवी ओढून पुढे घेतली, त्यातला फोन काढला आणि गिअरच्या शेजारच्या खळग्यात उभा करून ठेवला, हाताला लागेल असा. "यापुढे तो वास आला की आधी मला सांगायचं. बटणाला नाही. मला."

"सांगेन."

"तेही लिहून घेऊ का?"

धोंडिरामांनी मान हलवून नाही म्हटलं आणि बाहेर बघायला लागले.

गाडी उतारावरून खाली आली. फाटकाशी वॉचमनने गेटपास मागितला, म्हणून सुंदराबाईंना थांबावं लागलं. त्या पास शोधत असताना आरशात त्यांना वरचा उतार दिसला. निलेशची गाडी पुढे सरकत उताराच्या तोंडाशी आली, आणि तिथंच थांबली. इंजिन बंद झालं. निलेशने काच खाली केली.

राजेश जागचा हलला नाही. उत्तराने क्लिपबोर्डला नवा कागद लावला आणि ती त्या गाडीकडे चालत गेली.